टिकलीवाली

मी कुठलंही काम यादीशिवाय करत नाही. किराणा, शाळेचं वेळापत्रक, मुलीच्या वसतिगृहात पाठवायचं सामान, सगळ्याची यादी असते. संशयितांची यादी मात्र मी आयुष्यात एकदाच केली. ती काशीतल्या सामनेघाटच्या पुलावर अडकलेल्या टोटोत, म्हणजे ई-रिक्षात बसून, मे महिन्याच्या उन्हात, बोर्डाच्या परीक्षेच्या एका जुन्या सूचनापत्रकाच्या मागे. पाच जण होते. प्रश्न एकच होता: आमच्या सतरा कोंबड्यांचे कोंबडे कोणी केले?

आमच्या म्हणजे माझ्या आणि चाचीच्या. चाची आमच्या मुलींच्या इंटर कॉलेजात आया होती. निवृत्त झाली, पण अजून सगळ्या शिक्षिका तिला चाचीच म्हणतात. तिचं घर नदीपलीकडे रामनगरला आहे, मागे मोठं अंगण आणि पत्र्याची एक खोली. मी राहते दूधविनायकाला, नवऱ्याच्या घरी. तिथल्या जुन्या मराठी घरांत कोंबडी सोडाच, अंड्याचं नावही हळू घेतात. मी स्वतः अंडं खात नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, एवढाच माझा आणि कोंबड्यांचा संबंध होता.

चाचीचा संबंध जुना होता आणि फसवणुकीचा होता. रामनगरला सायकलवर टोपली बांधून पिल्लं विकणारा येतो. पिल्लं गुलाबी, हिरवी, पोपटी रंगवलेली. "सब मादी है, अम्मा," असं तो म्हणायचा. चाचीने दोनदा घेतली, दोन्ही वेळा सगळे कोंबडे निघाले. तिसऱ्या वेळी तिने त्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबवून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मग एक दिवस ती कॉलेजात आली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "बहिनजी, तीस साल से आप विज्ञान पढ़ा रही हैं. पिल्लू अंडे से निकलते ही पता चल जाए कि मुर्गी है, ऐसा कोई विज्ञान है कि नहीं?"

तीस नाही, बावीस वर्षं. पण विज्ञान होतं, आणि दर वर्षी बारावीला मी ते फळ्यावर काढत होते.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी आणि पट्टे नसलेला तांबडा कोंबडा, अशी जोडी लावायची. पिल्लं सगळी काळी निघतात. पण नरांच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका असतो आणि माद्यांच्या नसतो. आईचे पट्टे फक्त मुलग्यांकडे जातात, मुली बापावर जातात. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेदार घेतला, तर ठिपका सगळ्यांनाच येतो आणि काहीच कळत नाही. शिवाय हे एकाच पिढीपुरतं चालतं. पुढची पिल्लं हवी असतील तर पुन्हा मूळ जोडीकडेच यायचं.

मिर्झापूरकडच्या एका फार्मवाल्याकडून आम्ही सहा पट्टेदार कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा आणला. कोंबड्या आणल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी उबवायला ठेवायची नाहीत, कारण आधीच्या कोंबड्याचा अंश त्यांच्या पोटात राहतो. हे मी यादीत लाल शाईने लिहिलं होतं आणि चाचीने ते पाळलं. अंडी उबवायचं छोटं यंत्र पत्र्याच्या खोलीत बसवलं. दर रविवारी मी टोटोने रामनगरला जायची, परत आल्यावर आधी न्हाणीघर आणि मग स्वयंपाकघर. नवरा पोस्टात आहे, मुळातच कमी बोलतो. तो एवढंच म्हणाला, "लोक काशीत मोक्षाला येतात. तू कोंबड्यांना स्थळं बघायला आलीस."

पहिल्या वेळी अकरा पिल्लं निघाली. चाची तेव्हा चुनारला होती, लेकीच्या बाळंतपणाला, म्हणून पिल्लं मीच वेगळी केली. चार ठिपक्यांची, सात बिनठिपक्यांची. महिनाभराने चाची आली तोवर सगळ्यांना पिसं फुटली होती. पुढे सातच्या सात कोंबड्या निघाल्या. चाचीने त्या साती अंगणात ठेवल्या आणि गल्लीभर फिरून सांगितलं की आता आपल्याकडे पैदाइशी, म्हणजे जन्मजात मुर्ग्या मिळतील, सायकलवाल्यासारख्या रंगवलेल्या नाहीत.

इथे चाचीच्या शब्दाबद्दल सांगायला हवं. त्या गल्लीत तिच्या शब्दावर लग्नं ठरतात. मुलगा कसा आहे, सासू कशी आहे, घरात पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढतं का, हे सगळं चाचीला विचारतात. ती "ठीक है" म्हणाली की ठीक असतं. अशा बाईने सात घरी जाऊन सांगितलं होतं, "मुर्गा निकला तो मेरे दरवाजे पर छोड़ जाना." त्या बायकांचा रंगावर मुळीच विश्वास नव्हता. गुलाबी पिल्लांनी सगळ्यांचेच हात पोळले होते. एकीने तर आमच्या पहिल्या खेपेच्या कोंबडीची मान धरून, अंगठा थुंकीने ओला करून पिसं घासून पाहिली होती. चाचीने तिला पाहू दिलं. विश्वास रंगावर नव्हता, चाचीवर होता.

दुसरी खेप मार्चमध्ये निघाली, आणि नेमकी माझ्या बोर्डाच्या परीक्षेच्या ड्युटीच्या दिवशी. परीक्षा केंद्रावर मोबाईल जमा करावा लागतो. सकाळी फाटकातून आत जाता जाता चाचीचा फोन आला, पिल्लं वाळली, आता काय करू? बोलायला वेळ नव्हता. मी फोन ठेवून तिला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला आणि मोबाईल देऊन टाकला. संध्याकाळी तिचा निरोप आला होता: अडतीस पिल्लं, सतरा टिकलीवाली, एकवीस बिना टिकली की. रविवारी गेले तेव्हा सगळी रवानगी होऊन गेली होती. मी विचारलं, "टिकलीवाली अलग रखीं न?" ती म्हणाली, "एकदम अलग रखीं." मी वहीत बरोबरची खूण केली.

ठरलं असं होतं की माद्या सात घरांत जातील आणि नर चाचीच्या चुलतदिराकडे. त्याचं हायवेच्या बाजूला चिकनचं दुकान आहे, मागे जाळीचं मोठं खुराडं आहे. पिल्लं तो वाढवतो आणि विकतो.

एप्रिलच्या शेवटी पहिली तक्रार आली. तुरे फार लाल दिसताहेत. चाचीने सांगितलं, धीर धरा. मग एका घरात एक पिल्लू भिंतीवर चढून आरवलं. नीट आरवता आलं नाही, घसा बसल्यासारखा आवाज आला, पण कोंबडी असं करत नाही. चारच दिवसांत चौथ्या घरातून निरोप आला. मग त्या बाईचा, जिच्या भाचीचं स्थळ चाचीने चुनारला जमवलं होतं. ती अंगणात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "मुर्गा-मुर्गी तो पहचानी नहीं गई, दूल्हा का पहचानोगी, चाची?" आणि मुलाकडच्यांना सांगितलं, जरा थांबा, आम्ही दुसरीकडून चौकशी करतो.

चाचीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. पुलावर गाडी अडकली आणि मी यादी केली. एक, मिर्झापूरचा फार्मवाला: कोंबड्या शुद्ध नसतील. दोन, शेजारचा कुठला तरी कोंबडा भिंतीवरून आत येत असेल. तीन, त्या सात बायका: आपापले कोंबडे दाखवून फुकटात दुसऱ्या कोंबड्या मागत असतील. चार, चुलतदीर. पाचव्या जागी थोडा वेळ पेन्सिल थांबली. मग लिहिलं: चाची.

लिहिल्यावर बरं वाटलं नाही. पण यादीतून सोयीचं गाळायचं ठरवलं तर यादी कशाला करायची?

पहिल्या तीन घरी जाऊन मी पक्षी हातात घेऊन पाहिले. सगळे पट्टेदार, काळ्या-पांढऱ्या रेघांचे, देखणे आणि उघड कोंबडे. असे पट्टे रामनगरात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. म्हणजे पक्षी आमचेच होते आणि बायकांनी बदलले नव्हते. तीन नंबर खोडला. पट्टे अगदी बरोबर उतरले होते, म्हणून एक आणि दोनही खोडले. गणित चुकलं नव्हतं. ज्या पिल्लांच्या डोक्यावर ठिपका होता तीच ही. म्हणजे यंत्रातून निघाल्यापासून घरोघर पोचेपर्यंतच्या वेळात कोणीतरी अदलाबदल केली होती.

तिथून मी हायवेवर गेले. चुलतदीर दुकानात नव्हता. मी मागे जाऊन जाळीतून पाहिलं. खुराड्याच्या एका कोपऱ्यात, बाकी पक्ष्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या, काळ्या कोंबड्या. गळ्याशी सोनेरी-तांबूस झाक, तुरे छोटे आणि फिके. मी मोजल्या. एकवीस. एवढ्यात तो आला. मला पाहून इतका गोड हसला की माझा संशय पक्का झाला. "बहिनजी! अगला माल कब निकलेगा?"

"माल पसंद आया?" मी विचारलं.

"बहुत," तो म्हणाला, आणि दुकानात निघून गेला.

चाचीच्या घरापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी सगळं जुळवलं. चाचीने सात घरांत पोकळ शब्द देऊन चांगल्या कोंबड्या दिराकडे वळवल्या. नरांना माद्या म्हणून सांगितलं, कारण दोन महिन्यांनी कोणाला काय आठवणार? नातलगांसाठी माणूस काय करतो हे मी लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत पाहिलंच होतं. एकच गोष्ट जुळत नव्हती. यात सगळ्यांत जास्त नुकसान चाचीचंच होत होतं. पण मी ती बाजूला ठेवली.

अंगणात दोन बायका आधीच बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर दोरीने पाय बांधलेला पट्टेदार कोंबडा, दाराशी सोडायला आणलेला. चाची त्यांना पाणी देत होती. मी बसले आणि मला जे म्हणायचं होतं ते सभ्यपणे म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं असेल: "चाची, आपके देवर के यहाँ काली मुर्गियाँ बहुत हो गई हैं."

चाचीने पाण्याचा लोटा खाली ठेवला. बायकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन मोबाईल घेऊन आली. बराच वेळ खाली-वर सरकवत राहिली. मला वाटलं, दिराला फोन लावतेय. पण मोबाईलमधून माझाच आवाज आला, पाठीमागे परीक्षा केंद्राच्या फाटकाचा गोंधळ:

"चाची, टिकलीवाली सब अलग रखिए. गिन के. टिकलीवाली माँ पर गई हैं, बाकी सब बाप पर. बाकी देवर को दे दीजिए... नहीं तो मैं रविवार को आके देखती हूँ."

मी ऐकलं, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. शेवटी मी घाईत पुस्ती जोडली होती, तेवढं सोडलं तर. दुसऱ्यांदा "बाकी" म्हणताना माझ्या मनात यंत्रात उरलेली, न उबलेली अंडी होती, ती चुलतदीर कोंबड्यांच्या खाद्यात घालतो. तरीही निरोप मला सरळच वाटला.

चाची म्हणाली, "टिकली मरद लगाते हैं का, बहिनजी?"

मांडीवर कोंबडा घेतलेली बाई हसायला लागली. दुसरीने पदर तोंडाला लावला. मला अजून उलगडा झाला नव्हता.

"टिकलीवाली," चाची सावकाश म्हणाली, वर्गात मंद मुलीला सांगतात तसं. "वाली. और माँ पर गई हैं. गए हैं नहीं, गई हैं. तो लड़की हुई कि लड़का?"

तेव्हा मला कळलं.

मराठीत पिल्लू नर नसतं आणि मादीही नसतं. ते ‘ते’ असतं. अनेक झाली की ती काळी पिल्लं, गोरी पिल्लं, टिकलीवाली पिल्लं होतात, आणि त्या ‘वाली’त बाईचा काही संबंध नसतो. हिंदीत ‘ते’ला जागाच नाही. तिथे ‘वाली’ म्हणजे बाई. त्यात टिकली. आमच्याकडे ठिपक्याएवढ्या कशालाही टिकली म्हणतात. इथे टिकुली म्हणजे फक्त बायकांच्या कपाळावरची. आणि ‘अलग रखिए’ म्हणजे माझ्या मनात बाजूला काढा, चाचीच्या मनात जपून ठेवा, राखून ठेवा. त्यावर आईवर गेलेली. आईवर मुलगीच जाणार, असं कोणीही समजेल. मी एका निरोपात चार दरवाजे उघडले होते आणि चारही एकाच चुकीच्या खोलीत जात होते.

वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा भाजीवालेसुद्धा माझ्या हिंदीला हसायचे. दहा-बारा वर्षांत ते थांबलं. माझी हिंदी सुधारली म्हणून थांबलं, असं मी धरून चालले होते. फार्मवाला, शेजारचा कोंबडा, सात बायका, दीर, चाची, सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःच्या जिभेचं नाव यादीत आलं नाही.

मी माफी मागितली. चाचीने हात हलवून ती बाजूला सारली. तिला माफी नको होती. "उठिए," ती म्हणाली. "मेरी जबान आपने बिगाड़ी है, चल के आप ही बनाइए. सातों घर."

सात घरं फिरलो. प्रत्येक घरी चाचीने मोबाईल वाजवला आणि मी उभी राहून सांगितलं की चूक माझी. दर वेळी एकच हशा. दुसऱ्या घरापासून मुलं पुढे पळत जाऊन "टिकलीवाली बहिनजी आईं" असं ओरडू लागली. भाचीच्या मावशीने निरोप दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा डोळे मिटून. मग म्हणाली, "चाची, चुनारवालों को बिरस्पत को भेज दो." म्हणजे गुरुवारी; स्थळ पुन्हा मार्गी लागलं. चाचीने मान हलवली. परतताना गल्लीत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला.

मग चुलतदीर. तो इतका गोड का हसत होता, तेही उघड झालं. तो म्हणाला, "हमको लगा बीमारी वाली मुर्गियाँ हैं, मुर्गा बोल के टिका दी हैं. इसलिए अलग रखी थीं." म्हणजे तो आमच्यावर संशय घेऊन होता, आणि हसून आमचीच परीक्षा पाहत होता. मी यादीतला चार नंबरही खोडला. बदली करायला तो लगेच तयार झाला. इकडे असा कोंबडा जास्त खपतो. सोळा कोंबडे त्याच्याकडे गेले, सोळा काळ्या कोंबड्या घरोघर आल्या. सतरावा कोंबडा एका घरी पाहुण्यांच्या ताटात गेला होता. त्या बाईने त्याबद्दल तक्रार केली नाही, आम्हीही विचारलं नाही. पाच कोंबड्या दिराने ठेवून घेतल्या. दोन महिने दाणा घातला होता, म्हणाला, ते बरोबरच होतं.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा यंत्र लावलं. चाचीला काही लिहून द्यायचं होतं म्हणून पर्समधून कागद काढला, तो नेमका पुलावरच्या यादीचाच निघाला. मागची बाजू वर होती. चाचीला वाचता येतं. चार खोडलेल्या ओळी तिने पाहिल्या, पाचवी खोडलेली नव्हती. मी खोडायला विसरले होते.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पाँचवाँ नंबर दिया. पहला भी दे सकती थीं." पेन माझ्या हातातून घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरांत सहावी ओळ लिहिली: बहिनजी. मग तो कागद यंत्राच्या झाकणावर चिकटवला. अजून तिथेच आहे. मी काढायला सांगितलं नाही.

आता पिल्लं चाचीच वेगळी करते. तिचा शब्द आहे ‘टीका’, म्हणजे टिळा. टीका पुरुष लावतात, म्हणून टीकावाले नर, आणि ज्यांना काहीच नाही त्या मुली. मी रविवारी जाऊन दुसऱ्यांदा पाहते, एवढंच. माझ्या तोंडून ‘वाली’ निघालं की ती मोठ्याने विचारते, "हिंदी में बोल रही हैं कि मराठी में?" कधी हसत विचारते, कधी हसत नाही. मी पाठवलेला प्रत्येक आवाजी निरोप ती ऐकून झाल्यावर ठेवते, एकही पुसत नाही. मोबाईल भरला की नातवंडांचे फोटो काढून टाकते, माझे निरोप राहू देते.

परवा पिल्लं न्यायला भाचीची मावशी आली. तिने एक काळं पिल्लू उचललं, अंगठा ओला केला, डोक्यावर घासला, उजेडात धरून पाहिला. खाली पांढरं काही निघालं नाही. तरी तिने मला काही विचारलं नाही. चाचीकडे वळली.

"मुर्गी ही है न?"

चाचीने पिल्लू हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"है."